एव्हरेस्टच्या उतारावर १७ जण होते, पण निर्णय तिघांनीच घेतला होता

जॉर्ज मॅलरी हे नाव निघालं की लोकांना दोन गोष्टी हमखास आठवतात.

एक म्हणजे, एव्हरेस्ट कशासाठी चढायचं या प्रश्नावर त्याच्या नावावर खपणारं तीन शब्दांचं उत्तर. दुसरी म्हणजे १९२४ साली तो शिखरावर पोहोचला होता की नाही, हे शंभर वर्षांनंतरही न सुटलेलं कोडं.

पण मॅलरीच्या आयुष्यात आणखी एक तारीख आहे. ७ जून १९२२. त्या दिवशी दुपारी एव्हरेस्टच्या एका उतारावर बर्फाचा थर सुटला आणि सात जण गेले. एव्हरेस्टवर चढाई करताना झालेले हे पहिले मृत्यू होते. सातही जण सामान वाहणारे पोर्टर होते.

आज जगभरात लोक स्की घेऊन रिसॉर्टच्या बाहेर, मोकळ्या डोंगरात जातात. आपल्याकडे गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर हेच चालतं. अशा लोकांना हिमस्खलनाचं जे प्रशिक्षण मिळतं, त्यात बर्फाइतकाच वेळ माणसांवर जातो. गट निर्णय कसा घेतो, कोण बोलतो, कोण गप्प बसतो आणि हुशार माणसं एकत्र येऊन चूक कशी करतात, हे त्यात शिकवलं जातं.

हे सगळं समजून घ्यायचं असेल, तर मॅलरीच्या त्या दिवसाइतकं चांगलं उदाहरण क्वचितच सापडेल. पण आधी हा माणूस कोण होता ते बघू.

चर्चच्या छपरावर चढणारं पोरगं

मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ चा. इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात मॉबर्ली नावाचं गाव आहे, तिथला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते आणि पोरगं त्याच चर्चच्या छपरावर चढून बसायचं. उंचीची भीती म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं.

पुढे तो विंचेस्टरच्या शाळेत गेला. तिथल्या एका शिक्षकाने १९०४ मध्ये त्याला आल्प्समध्ये नेलं आणि डोंगर त्याच्या डोक्यात शिरला तो कायमचा. मग केंब्रिज झालं. तिथे पुढे अर्थशास्त्रात मोठं नाव कमावणारा जॉन मेनार्ड केन्स, कवी रूपर्ट ब्रूक अशा लोकांच्या वर्तुळात त्याची ऊठबस होती.

शिक्षण झाल्यावर गडी चार्टरहाऊस नावाच्या शाळेत मास्तर झाला. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेला एक पोरगा म्हणजे पुढे कवी आणि लेखक म्हणून गाजलेला रॉबर्ट ग्रेव्हज. मॅलरीने त्याला नुसतं शिकवलं नाही, वेल्सच्या डोंगरात नेऊन चढायलाही लावलं.

१९१४ च्या जुलैमध्ये त्याचं रूथ टर्नरशी लग्न झालं आणि लगेच पहिलं महायुद्ध सुरू झालं. मॅलरी तोफखान्यात गेला, सोमची लढाई बघून आला. युद्धातून जिवंत परतला तेव्हा त्याच्या ओळखीतले कितीतरी जण परतले नव्हते.

परत मास्तरकी सुरू झाली. घरी बायको आणि तीन मुलं. आयुष्य तसं मार्गी लागलं होतं.

तेवढ्यात १९२१ मध्ये एव्हरेस्टचं बोलावणं आलं.

पहिली मोहीम आणि ओळखीचा झालेला उतार

तेव्हा नेपाळ परदेशी लोकांना बंद होतं. त्यामुळे इंग्रजांच्या मोहिमा दार्जिलिंगहून निघायच्या आणि तिबेटमधून फिरून एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला पोहोचायच्या. सामान वाहायला दार्जिलिंगमध्येच शेर्पा आणि भोटिया माणसांची भरती व्हायची.

१९२१ ची मोहीम फक्त पाहणीसाठी होती. एव्हरेस्टवर जायची वाट कुठून आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. मॅलरी आणि त्याच्या सोबत्यांनी महिनोन्‌महिने हिमनद्या पालथ्या घातल्या आणि २४ सप्टेंबरला ते नॉर्थ कोलवर पोहोचले.

कोल म्हणजे दोन शिखरांच्या मधली खिंड. एव्हरेस्ट आणि शेजारचं चांगत्से यांच्यामधली ही खिंड साधारण ७,००० मीटर उंचीवर आहे. उत्तरेकडून एव्हरेस्ट चढायचं तर इथे यावंच लागतं. आणि इथे यायचं तर खिंडीच्या पूर्वेकडचा बर्फाचा तीव्र उतार चढावा लागतो.

आपल्या गोष्टीतला उतार तो हाच.

१९२२ मध्ये पूर्ण तयारीची मोहीम निघाली. प्रमुख होते जनरल चार्ल्स ब्रूस. मे महिन्यात नॉर्थ कोलवर कॅम्प लागला आणि त्या उतारावरून माणसांची ये-जा सुरू झाली. मॅलरीही वरखाली करत होता.

२१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल ऑक्सिजनशिवाय ८,२२५ मीटरपर्यंत पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कुणीही चढलेलं नव्हतं.

उतरताना मात्र भयंकर प्रसंग घडला. थंडीने गारठलेला मोर्सहेड त्यांच्यासोबत होता. उतारावर पाय घसरला आणि एकाच दोराला बांधलेले तिघे खाली जायला लागले. मॅलरीने झटक्यात कुऱ्हाड बर्फात रोवली, दोर तिच्याभोवती टाकला आणि तिघांनाही धरून ठेवलं. त्याच्या एकट्याच्या प्रसंगावधानामुळे चार जण वाचले.

हा प्रसंग लक्षात ठेवा. अशा प्रसंगानंतर त्या माणसाच्या शब्दाला गटात केवढं वजन आलं असेल, याचा अंदाज कुणालाही येईल.

काही दिवसांनी जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस ऑक्सिजन लावून आणखी वर, साधारण ८,३२० मीटरपर्यंत गेले. शिखर मात्र राहिलंच.

तिसरा प्रयत्न करायचा का?

आता मोहिमेची अवस्था बघा. दोन प्रयत्न झालेले. बरेच जण हिमदंशाने किंवा थकव्याने जायबंदी. काही जणांना परत पाठवावं लागलेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मान्सून दारात येऊन उभा होता. एकदा तो आला की त्या वर्षाचा खेळ संपला.

तरी तिसरा प्रयत्न करायचं ठरलं. जूनच्या सुरुवातीला मंडळी बेस कॅम्पवरून निघाली. फिंचची तब्येत साथ देईना म्हणून तो वाटेतूनच परत फिरला. त्यामुळे वर गेलेल्यांमध्ये अनुभवाने सगळ्यात वरचढ उरला तो मॅलरी.

वाटेत जोरदार बर्फ पडलं. ५ जूनला ते उताराच्या पायथ्याजवळच्या कॅम्प तीनवर पोहोचले. ६ तारखेला चांगलं ऊन पडलं. बर्फ बसावं म्हणून त्यांनी तो एक दिवस थांबून काढला.

७ जूनला सकाळी ते निघाले. मॅलरी, डॉक्टर असलेला सॉमरवेल आणि भारतात सनदी नोकरीत असलेला क्रॉफर्ड हे तिघे इंग्रज. सोबत सामान घेतलेले १४ पोर्टर. एकूण १७ जण.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. ही माणसं बेफिकीर नव्हती. नवीन बर्फ पडलंय, धोका आहे, हे त्यांना कळत होतं. म्हणूनच खालच्या भागात एका तीव्र जागी त्यांनी बर्फ मुद्दाम तुडवून बघितलं. ते सुटतंय का याची चाचणीच घेतली.

बर्फ जागचं हललं नाही. मग त्यांनी मानलं की वरचाही उतार सुरक्षित आहे.

दुपारी दीडच्या पुढे ते कोलपासून साधारण १८० मीटर खाली होते. पुढच्या दोरावर तिन्ही इंग्रज आणि एक पोर्टर. त्यांच्या मागे तीन दोरांवर चार, पाच आणि चार असे तेरा पोर्टर. सगळे एकाच उतारावर, एकाच वेळी.

आणि बर्फाचा थर फुटला.

पुढचे चौघे थोडे वाहत गेले, पण बाहेर आले. त्यांच्या मागचे चार पोर्टर आणखी खाली गेले, तेही वाचले. शेवटच्या दोन दोरांवरच्या नऊ जणांच्या खाली मात्र बर्फाचा कडा होता. ते कड्यावरून थेट खालच्या भेगेत फेकले गेले आणि वरून बर्फ कोसळलं.

मॅलरी आणि बाकीचे धावत खाली गेले आणि हाताला लागेल त्याने बर्फ उकरू लागले. नऊपैकी दोघे जिवंत निघाले. सात जण गेले.

त्यांना तिथेच राहू द्या, अशी इच्छा सोबतच्या पोर्टरांनी सांगितली. कॅम्प तीनजवळ त्यांच्या स्मरणार्थ दगडांची रास रचली गेली. मोहीम तिथेच संपली.

बर्फ का सुटलं?

उतारावर पडलेलं बर्फ एकसंध नसतं, त्याचे थर असतात. जुन्या कडक थरावर नवीन बर्फ बसतं, वारा ते दाबून घट्ट करतो आणि त्याची एक लादी तयार होते. या लादीखालचा थर कमजोर असेल, तर वरून माणसाचं वजन पडताच तो मोडतो आणि अख्खी लादी घसरते.

अशी हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. गंमत म्हणजे स्की करणाऱ्यांना मजा येते तीही साधारण याच उतारांवर. आणि अडकलेल्या लोकांच्या बाबतीत बहुतेक वेळा ते बर्फ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडलेलं असतं.

दुसरी अडचण अशी की बर्फ जागोजागी बदलतं. खाली घेतलेली चाचणी वरच्या जागेबद्दल खात्री देत नाही. मॅलरी मंडळींचा बराचसा अनुभव आल्प्समधला होता. तिथे एखादा दिवस ऊन पडलं की बर्फ बऱ्यापैकी बसतं, असा त्यांचा अंदाज होता. ७,००० मीटरच्या थंडीत तो हिशोब लागू पडला नाही.

पण बर्फाचा अभ्यास ही अर्धीच गोष्ट झाली.

खरी गडबड डोक्यात होते

२००४ मध्ये इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने आपला अभ्यास मांडला. अमेरिकेत सहलीला किंवा खेळायला गेलेल्या लोकांचे हिमस्खलनाचे ७१५ अपघात त्याने तपासले. प्रश्न साधा होता. ज्यांना धोका ओळखता येतो, तेही त्यात का सापडतात?

त्याला काही सापळे दिसले. माणूस निर्णय घेताना डोक्यातल्या सोप्या पळवाटा वापरतो. रोजच्या आयुष्यात त्या कामाला येतात, बर्फात त्याच घात करतात.

मॅलरीच्या दिवसावर हे सापळे ठेवून बघा.

पहिला सापळा ओळखीचा. जागा ओळखीची असली की माणूस निर्धास्त होतो. मॅकॅमनला तर असं दिसलं की चांगलं प्रशिक्षण घेतलेले गट ओळखीच्या जागी जवळजवळ अप्रशिक्षित गटांइतकाच धोका पत्करत होते. मॅलरीने तो उतार १९२१ मध्ये चढला होता आणि १९२२ च्या मे महिन्यात तर त्यावरून नेहमीची ये-जा होती. उतार तोच होता, त्यावरचं बर्फ मात्र नवीन होतं.

दुसरा सापळा ठरवलेलं तडीस नेण्याचा. एकदा निघालो म्हटल्यावर थांबणं अवघड जातं. दार्जिलिंगपासून एवढ्या लांब आलेल्या मोहिमेला परत फिरा म्हणायला कोण तयार होणार?

तिसरा सापळा संधी हातची जाईल या भीतीचा. मान्सून येतोय, आत्ता नाही तर यंदा नाहीच. आज ताज्या बर्फावर पहिली रेघ ओढायला धावणारे स्कीवाले याच सापळ्यात अडकतात.

चौथा सापळा जाणकाराच्या वलयाचा. गटात एक जण सगळ्यात अनुभवी असला की बाकीचे आपली शंका गिळतात. मॅलरी तेव्हा जगात सगळ्यात उंच चढून आलेल्या मोजक्या लोकांपैकी होता आणि दोन आठवड्यांपूर्वीच त्याने तिघांना मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं.

आता मुख्य मुद्दा. उतारावर जीव टाकणारे १७ होते, पण जायचं की नाही हे ठरवणारे तीन. उरलेल्या चौदा जणांना मत विचारायची पद्धतच नव्हती. ती पगारी माणसं होती. साहेब निघाले की निघायचं.

मॅलरीने नंतर काय केलं?

त्याने हात झटकले नाहीत. चूक आपली होती, हे त्याने पत्रांमधून स्पष्ट कबूल केलं. आपण बेपर्वाईने त्यांचे जीव धोक्यात घातले नाहीत, पण बर्फ ओळखण्यात चुकलो, असं त्याचं म्हणणं होतं. मोहिमेतले डॉक्टर टॉम लाँगस्टाफ यांनी मात्र खासगी पत्रात या निर्णयावर कडक टीका केली.

सॉमरवेलला एक गोष्ट आतून खात राहिली. मेले ते सगळे पोर्टर होते, आपल्यापैकी एकही नाही. त्यांच्यासोबत एखादा इंग्रज गेला असता तर निदान वाटा सारखा उचलला असं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. पुढे तो त्रावणकोरमधल्या नेय्यूरला मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाला आणि त्याने कामाची जवळपास सगळी हयात भारतात काढली.

मॅलरीच्या कबुलीत एक जागा मात्र विचार करायला लावते. डोंगरातल्या धोक्यांच्या बाबतीत हे पोर्टर लहान मुलांसारखे आहेत, त्यांची काळजी घेणं हे आपलं कर्तव्य होतं, असं त्याने लिहिलं. भावना खरी होती, दुःखही खरं होतं. पण ज्यांना आपण लेकरं समजतो, त्यांना आपण मत विचारत नाही. अडचण नेमकी तिथेच होती.

आणि दोनच वर्षांनी त्याच उतारावर याचं उत्तर मिळालं.

मे १९२४. पुन्हा मोहीम, पुन्हा नॉर्थ कोल. १९२२ च्या अनुभवामुळे या वेळी वर जायला बर्फाच्या भिंतीतली अवघड चीर निवडली होती. नवीन बर्फ पडलं आणि कोलवरच्या कॅम्पवर चार पोर्टर अडकले. बाकीचे उतरून आले, पण या चौघांनी ताज्या बर्फाच्या त्या उतारावर पाय ठेवायला नकार दिला.

त्यांची भीती रास्त होती. १९२२ मध्ये अशाच ताज्या बर्फाने त्यांच्यातल्या सात जणांना नेलं होतं.

नॉर्टन, सॉमरवेल आणि मॅलरी या तिघांनी शिखराचा विचार बाजूला ठेवला. २४ मे रोजी ते चौघांना आणायला स्वतः वर गेले. खोकल्याने बेजार झालेला सॉमरवेल दोर बांधून त्या धोक्याच्या उतारावर पुढे सरकला, मॅलरी आणि नॉर्टनने मागून दोर धरला.

दोर काही मीटर कमी पडला. दोन पोर्टर सुखरूप आले. पुढचे दोघे घसरले आणि कड्याच्या अलीकडे कसेबसे थांबले. सॉमरवेलने दोर अंगावरून सोडला, कुऱ्हाडीला अडकवला आणि हात लांबवून दोघांना ओढून घेतलं. चौघेही जिवंत खाली आले.

या सुटकेत तिघांची बरीच ताकद खर्ची पडली. पण त्या दिवशी कुणीही मेलं नाही.

शेवट

८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि २२ वर्षांचा सँडी आयर्विन शिखराकडे निघाले. दुपारी ढगांच्या फटीतून ओडेलला ते वर चढताना दिसले. त्यानंतर त्यांना जिवंत कुणी पाहिलं नाही. मॅलरी तेव्हा ३७ वर्षांचा होता.

१ मे १९९९ रोजी एव्हरेस्टच्या उत्तर अंगावर साधारण ८,१५५ मीटर उंचीवर त्याचा मृतदेह सापडला. कमरेला तुटलेला दोर तसाच होता. आयर्विनचा पाय बुटासकट २०२४ मध्ये खालच्या हिमनदीवर मिळाला. शिखराचं कोडं आजही तसंच आहे.

मॅलरीचा धाकटा भाऊ ट्रॅफर्ड दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाचा मोठा अधिकारी झाला. १९४४ मध्ये तो पूर्वेकडे नव्या नेमणुकीवर निघाला असताना त्याचं विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये कोसळलं. दोन्ही भाऊ डोंगरातच गेले.

आज बर्फात जाणाऱ्या गटांना काही साधे नियम शिकवले जातात. ते वाचताना १९२२ चा उतार डोळ्यांसमोर आणा.

संशयास्पद उतारावर सगळ्यांनी एकदम जायचं नाही. एक जण जाईल, बाकीचे सुरक्षित जागी थांबून बघतील.

प्रत्येकाकडे सिग्नल देणारं यंत्र, बर्फात खुपसायची लांब काठी आणि फावडं हवंच. गाडलेल्या माणसाला वाचवायला मोजकी मिनिटं मिळतात, बाहेरून मदत यायला तेवढा वेळ नसतो. जे वाचवायचं ते सोबत्यांनीच.

परत कधी फिरायचं हे निघण्याआधी ठरवायचं, उतारावर उभं राहून नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम. गटातल्या कुणाही एकाने नको म्हटलं, मग तो सगळ्यात नवखा का असेना, तर जायचं नाही. त्याने कारण सिद्ध करत बसायची गरज नाही.

१९२२ मध्ये हा नियम असता तर त्या चौदा जणांपैकी कुणी नको म्हटलं असतं का, ते आता कधीच कळणार नाही, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. १९२४ मध्ये मात्र चार जणांनी न विचारता नको म्हटलं आणि ते चौघे घरी गेले.

म्हणून पुढच्या वेळी बर्फात असा किंवा कुठल्याही ट्रेकला, निघण्याआधी सगळ्यात मागे गप्प उभ्या असलेल्या माणसाला एकदा विचारा. जायचं का?

आणि तो नको म्हणाला, तर ऐका.